‘पोटदुखीची गोळी’ : मासिक पाळीतील वेदनाशामके आणि त्यांची भाषा

१. प्रास्ताविक

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने औषधांविषयी लिहावे, हा काही वाचकांस अनधिकार वाटण्याचा संभव आहे. म्हणून प्रस्तुत विषयाकडे वळण्याचे कारण प्रारंभीच सांगितलेले बरे. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील एक पदव्युत्तर विद्यार्थिनी मौखिक परीक्षेच्या दिवशी परीक्षेस बसू शकली नाही. आदल्या दिवशी एकादशीचा उपास होता आणि त्याच दिवशी तिची पाळी सुरू झाली होती. धाकट्या भावाने औषधाच्या दुकानातून तिच्यासाठी गोळ्या आणल्या. तेवढ्याने उतार पडला नाही, तेव्हा वसतिगृहातील मैत्रिणीने आपल्याजवळच्या वेगळ्या नावाच्या गोळ्या दिल्या. रात्री तिने दोन्ही घेतल्या. पहाटे उलटी झाली आणि उलटीत रक्त दिसले. जठराच्या अस्तरास इजा झाल्याचे निदान झाले. दोन दिवसांनी ती बरी होऊन परतली, परंतु तिने सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनात राहिली. भावाने दुकानात उच्चारलेले वाक्य होते : “पोट दुखायलंय, एक चांगली गोळी द्या.” पाळी हा शब्द त्याने उच्चारला नव्हता, तो त्याला उच्चारता येण्यासारखा नव्हता. दुकानदारानेही अधिक काही विचारले नाही.

या प्रसंगाचा उलगडा केवळ औषधशास्त्राने होत नाही. दोन निराळ्या नावांच्या गोळ्या एकाच कुळातील आहेत, हे त्या मुलीस नावांवरून ओळखता आले नाही. काउंटरवर जे बोलले गेले त्यातून दुखण्याचे खरे स्वरूप प्रकट झाले नाही. हे दोन्ही दोष भाषेच्या व्यवहारातील आहेत. नांदेड व लातूर या जिल्ह्यांत, विशेषतः ‘लातूर पॅटर्न’च्या ख्यातीमुळे घर सोडून शिकवणी वर्गांसाठी वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींमध्ये, असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. म्हणून वेदनाशामकांविषयी सिद्ध झालेली माहिती आणि तिच्या आड येणारी भाषा, या दोहोंचा एकत्र विचार करण्याचे येथे योजिले आहे. प्रस्तुत लेख वैद्याच्या सल्ल्याची जागा घेणारा नाही. तो सल्ला केव्हा व कोणत्या शब्दांत मागावा, हे सांगणारा आहे.

२. वेदना का होतात

पाळीतील वेदनेचे वैद्यकात दोन प्रकार मानतात. गर्भाशयात वा ओटीपोटातील अन्य इंद्रियांत कोणताही विकार नसता जी वेदना होते ती प्राथमिक. एंडोमेट्रिऑसिस, गाठी, जंतुसंसर्ग अशा विकारापायी होते ती दुय्यम. तरुण मुलींत प्राथमिक वेदनाच अधिक आढळते. पाळीच्या अगोदर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण उतरते. त्यासरशी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती गर्भाशयाच्या स्नायूंस आकुंचन पावावयास लावतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि स्नायूंस होणारा रक्तपुरवठा कमी करतात. कळा येतात त्या यामुळे. हीच द्रव्ये रक्तातून अन्यत्र पोचली म्हणजे मळमळ, जुलाब, डोकेदुखी ही लक्षणे उद्‌भवतात.

या द्रव्यांच्या नावाचा इतिहास भाषाभ्यासकांस मनोरंजक वाटेल. १९३५ साली स्वीडिश शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी त्यांस प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिले, ते त्यांचा उगम पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीत आहे अशा समजुतीने. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र राहिले. पुढे १९५७ साली पिकल्स या संशोधकाने पाळीच्या स्रावात स्नायूंस उत्तेजित करणारे द्रव्य असल्याचे दाखविले. स्त्रीच्या वेदनेचे कारण अशा रीतीने पुरुषाच्या ग्रंथीचे नाव धारण करून पुस्तकांत नांदत आहे. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांच्या निर्मितीसच प्रतिबंध करतात हे सिद्ध केले. त्या कार्यासाठी १९८२ सालचे नोबेल पारितोषिक त्यांस बेर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासमवेत मिळाले.

या विवेचनातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. औषध प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबविते. तयार होऊन गेलेले प्रोस्टाग्लँडिन ते नाहीसे करीत नाही. म्हणून वेदना सुरू होताच, किंवा स्राव दिसताच, योग्य मात्रेत घेतलेली गोळी अधिक उपयोगी पडते. सोसवेनासे होईपर्यंत थांबून मग घेतलेली गोळी उशिरा व अपुरी लागू पडते. तेव्हा दुसरी, तिसरी घेण्याचा मोह होतो आणि धोका वाढतो. ‘शक्यतो गोळी घेऊच नये’ या सद्‌भावनेने केलेला उशीरच पुष्कळदा अधिक गोळ्या घेण्यास कारण होतो.

३. न उच्चारावयाचा शब्द

आपल्या भाषेत या शारीरिक घटनेस शब्द पुष्कळ आहेत. किंबहुना एवढे आहेत, याचेच कारण शोधले पाहिजे. ‘रजस्वला’, ‘ऋतुमती’ हे ग्रांथिक, ‘मासिक पाळी’ हा शालेय, ‘विटाळ’, ‘अडचण’, ‘बाहेर बसणे’, ‘दूर होणे’, ‘कावळा शिवणे’ हे घरगुती, ‘एम.सी.’, ‘पीरियड’, ‘डेट’ हे शिकलेल्या मुलींच्या बोलण्यातले. यांपैकी बहुतेक शब्द घटनेचे वर्णन करीत नाहीत. घटनेमुळे स्त्रीने कोठे असावे आणि कोणास स्पर्श करू नये, याचे वर्णन करतात. ‘विटाळ’ या शब्दाचे मूळ रूप ‘विट्टाल’ असे हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणाच्या अपभ्रंश प्रकरणात ‘अस्पृश्यसंसर्ग’ या अर्थी नोंदविले आहे. म्हणजे मूळ शब्दात रक्त नाही, वेदना नाही. केवळ स्पर्श आहे.

आपल्या जिल्ह्यांच्या सीमेवरील भाषांतही हेच आढळते. देगलूर, बिलोली, धर्माबाद या बाजूस तेलुगू आणि उदगीर, देवणी, निलंगा या बाजूस कन्नड कानी पडते. या दोन्ही भाषांतील ‘मुट्टु’ हा शब्द स्पर्श आणि पाळी असे दोन्ही अर्थ वाहतो. मराठीतील ‘शिवायचं नाही’ हा प्रयोग त्याचा सख्खा शेजारी शोभावा असा आहे. उलटपक्षी उर्दूतील ‘माहवारी’ आणि मराठीतील ‘मासिक’ हे शब्द महिन्याकडे, कालगणनेकडे बोट दाखवितात. ‘पाळी’ हा शब्द तर शेताला पाणी देण्याच्या पाळीचा, राखणीच्या पाळीचा, म्हणजे क्रमाने येणाऱ्या वाराचा आहे. त्यात कलंकाचा लेशही नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी हा विटाळ मानू नये असे सांगितले आणि चौदाव्या शतकात सोयराबाईंनी आपल्या अभंगातून देहाच्या विटाळाची कल्पनाच प्रश्नांकित केली. परंतु ते विचार औषधाच्या दुकानाच्या काउंटरपर्यंत अद्याप पोचलेले नाहीत.

काउंटरवर त्यामुळे ‘पोटदुखी’ हा एकच शब्द वापरला जातो. आम्लपित्त, जुलाबाची कळ, मूतखडा, अपेंडिक्सचा दाह आणि पाळी यांस तो सारखाच लागू पडतो. यांतील आम्लपित्ताने दुखणाऱ्या पोटास जी गोळी अपाय करते, तीच पाळीच्या कळांस उपाय ठरते. दुकानदार अनुमानाने देतो, आणि अनुमान चुकले तर दोष कोणाचाच राहत नाही. यास्तव पहिला नियम औषधाचा नसून बोलण्याचा आहे. “पाळीत पोट दुखते, त्यासाठी गोळी हवी, मला अमुक विकार आहे किंवा नाही, आज मी अमुक औषध घेतले आहे,” एवढी चार वाक्ये उच्चारली पाहिजेत. तोंडी बोलणे जड वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावीत. भाऊ वा वडील जात असतील तर त्यांजपाशी तीच चिठ्ठी द्यावी.

४. नावांचे व्याकरण

औषधाच्या प्रत्येक पट्टीवर दोन नावे असतात. ठळक अक्षरांतले व्यापारी नाव हे त्या कंपनीचे. बारीक अक्षरांतले नाव घटकद्रव्याचे. लोक पहिल्या नावाने औषध ओळखतात. ‘मेफ्टाल’ हे नाव आपल्याकडे आता जवळजवळ सामान्यनाम झाले आहे. बायर कंपनीने १८९९ साली बाजारात आणलेल्या ‘ॲस्पिरिन’ या व्यापारी नावाचेही पूर्वी असेच झाले. परंतु मेफ्टाल-स्पास या गोळीत मेफेनॅमिक आम्ल २५० मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमीन १० मिलिग्रॅम अशी दोन द्रव्ये आहेत, हे ती घेणाऱ्या किती जणींनी वाचले असेल? पहिले द्रव्य प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते. दुसरे स्नायूंचे आकुंचन शिथिल करते.

घटकद्रव्यांची नावे मात्र यदृच्छेने पडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली या कार्यास आरंभ केला आणि १९५३ मध्ये आंतरराष्ट्रीय सामान्यनामांची पहिली यादी प्रसिद्ध केली. या पद्धतीत एका कुळातील औषधांस समान रूपिका दिली जाते. संस्कृत वा मराठी शब्दसिद्धी शिकलेल्या वाचकास ही पद्धत परकी वाटू नये. ‘-प्रोफेन’ हा अन्त्य घटक असला म्हणजे आयबुप्रोफेन, कीटोप्रोफेन यांचे कुळ, ‘-फेनॅमिक’ असला म्हणजे मेफेनॅमिक, टॉल्फेनॅमिक यांचे, ‘-अॅक’ने शेवट होत असला म्हणजे डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांचे, ‘-कॉक्सिब’ असला म्हणजे एटोरिकॉक्सिब इत्यादींचे. ही चारही उपकुळे एकाच मोठ्या कुळाची, म्हणजे स्टेरॉइड नसलेल्या दाहशामकांची आहेत. सर्व व्याकरणांप्रमाणे येथेही अपवाद आहेत : नॅप्रोक्सेन आणि ॲस्पिरिन यांच्या नावांत असा घटक नाही, तरी ती याच कुळातील होत.

यावरून निघणारा नियम असा : या मोठ्या कुळातील दोन औषधे एकाच वेळी घेऊ नयेत. दोन घेतल्याने गुण दुप्पट होत नाही. जठरावरील व मूत्रपिंडावरील आघात मात्र वाढतो. लेखाच्या आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने एका पट्टीतून मेफेनॅमिक आम्ल आणि दुसऱ्या पट्टीतून ॲसिक्लोफेनॅक घेतले होते. नावे दोन, कूळ एक.

पॅरासिटॅमॉलचे कूळ वेगळे. ते जठरास फारसे त्रासदायक नाही. परंतु मात्रा ओलांडली तर यकृतास गंभीर इजा करते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे, की तेथे विकले जाणारे ‘ॲसिटॅमिनोफेन’ म्हणजे आपले पॅरासिटॅमॉलच. एकाच दीर्घ रासायनिक नावातील वेगवेगळी अक्षरे उचलून ही दोन नावे घडविली आहेत. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांतही हे द्रव्य असते. तेव्हा त्या गोळ्या चालू असता पाळीसाठी निराळे पॅरासिटॅमॉल घेणे म्हणजे न कळत दुहेरी मात्रा घेणे होय.

५. मात्रा आणि तिचे वाक्य

पाळीच्या वेदनेवर दाहशामक औषधे पॅरासिटॅमॉलहून अधिक गुणकारी ठरतात, असे कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ सालच्या परीक्षणात ८० प्रयोगांच्या तुलनेतून दिसून आले आहे. निरोगी प्रौढ स्त्रीसाठी सर्वमान्य मात्रा पुढीलप्रमाणे आहेत. आयबुप्रोफेन २०० ते ४०० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांच्या अंतराने. वैद्याच्या सल्ल्यावाचून चोवीस तासांत एकूण १२०० मिलिग्रॅमहून अधिक नाही. पॅरासिटॅमॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, किमान चार ते सहा तासांच्या अंतराने. चोवीस तासांत ४ ग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडावयाची नाही, आणि वजन ५० किलोहून कमी असेल, यकृताचा विकार असेल वा पोषण अपुरे असेल तर मर्यादा याहून पुष्कळ खाली मानावयाची. मेफेनॅमिक आम्ल वैद्य सामान्यतः आरंभी ५०० आणि नंतर दर सहा तासांनी २५० मिलिग्रॅम असे, दोन ते तीन दिवसांपुरतेच देतात. कोणतेही दाहशामक काही खाल्ल्यानंतर आणि पुरेशा पाण्यासह घ्यावे.

या साध्या सूचना विपरीत का समजल्या जातात, याचे उत्तर पुन्हा भाषेतच आहे. वैद्याच्या चिठ्ठीवरील ‘बी.डी.’, ‘टी.डी.एस.’, ‘एस.ओ.एस.’ ही अक्षरे लॅटिन शब्दसमूहांची संक्षिप्त रूपे होत. त्यांचे अर्थ अनुक्रमे दिवसातून दोनदा, दिवसातून तीनदा आणि गरज पडल्यास. दुकानदार त्यांचे रूपांतर ‘१-०-१’ अशा अंकांत किंवा “दुखलं की घ्या” अशा वाक्यात करतो. “दुखलं की घ्या” या वाक्यात आरंभाची अट आहे, अंतराची नाही आणि अखेरच्या मर्यादेची तर मुळीच नाही. दुपारी बारा, दोन आणि चार वाजता दुखले तर तीन गोळ्या घेणारी मुलगी त्या वाक्याचे तंतोतंत पालनच करीत असते! म्हणून प्रत्येक सूचना तीन अंगांनी पूर्ण करून घ्यावी : एका वेळी किती, किती तासांनी, आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त किती. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये.

‘जेवणानंतर’ या शब्दाचाही असाच विचार करावा. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र या दिवसांत किंवा रमजानच्या रोज्यात ‘जेवणानंतर’ची वेळच येत नाही आणि गोळी रिकाम्या पोटी जाते. उपास सोडणे शक्य नसेल तर दूध, केळे, भगर असा काही फराळ करून मगच गोळी घ्यावी. निरंकार उपासात दाहशामक घेऊच नये. रिकाम्या पोटी झालेल्या जळजळीस आपल्याकडे ‘गोळी गरम पडली’ असे म्हणतात. हा प्रयोग बोलका असला तरी फसवा आहे. ‘गरम पडणे’ म्हणजे उष्णता, असे समजून थंड ताक पिऊन तीच गोळी पुन्हा घेतली जाते. वस्तुतः जे प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयात कळा आणते त्याच्याच कुळातील द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात. औषध दोन्ही ठिकाणची निर्मिती रोखते. जळजळ होणे हा प्रकृतीचा इशारा असून औषध थांबविण्याची ती सूचना आहे.

६. कोणी घेऊ नये

जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, तसेच ॲस्पिरिन वा तत्सम गोळीने दम्याचा झटका आल्याचा अनुभव, यांपैकी काही असेल त्यांनी दाहशामके स्वतःच्या विचाराने घेऊ नयेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांसही हेच लागू आहे. मराठवाड्याच्या ऋतुमानामुळे आणखी दोन प्रसंगी सावध राहावयास हवे. पावसाळ्यात व त्यानंतर डेंग्यूच्या साथी येतात. अंगात ताप असता पाळी आली तर दाहशामके टाळावीत, कारण डेंग्यूत ती रक्तस्रावास साहाय्यभूत होतात. अशा वेळी पॅरासिटॅमॉलच योग्य. दुसरा प्रसंग उन्हाळ्याचा. उन्हात काम करून, पाणी पुरेसे न पिता किंवा जुलाब-उलट्या झाल्या असता ही औषधे घेतल्यास मूत्रपिंडांवर विपरीत परिणाम होण्याचा संभव असतो. पाळी चुकली असून पोटात दुखत असेल, तर प्रथम गर्भधारणा नाही याची खात्री केली पाहिजे. गर्भारपणात ही औषधे वैद्याला विचारल्यावाचून घ्यावयाची नाहीत.

डायसायक्लोमीनने तोंड कोरडे पडणे, दृष्टी अंधुक होणे, गुंगी येणे, लघवीस अडथळा होणे हे परिणाम होऊ शकतात. परीक्षेच्या सकाळी ती गोळी प्रथमच घेऊन पाहणे शहाणपणाचे नव्हे. मेफेनॅमिक आम्लाविषयी गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी एक सावधगिरीची सूचना काढली. या औषधाने क्वचित प्रसंगी ‘ड्रेस’ नावाची तीव्र प्रतिक्रिया होते : ताप, अंगावर पुरळ, लसिकाग्रंथींची सूज आणि यकृतादि आंतरिक इंद्रियांवर परिणाम. ही लक्षणे औषध घेतल्यावर लगेच नव्हे, तर दोन ते आठ आठवड्यांनी उद्‌भवू शकतात. म्हणूनच त्यांचा गोळीशी असलेला संबंध रुग्णाच्या ध्यानात येत नाही. अशी प्रतिक्रिया दुर्मीळ आहे आणि सूचना भयापोटी नव्हे, लक्ष ठेवण्यासाठी दिलेली आहे. औषधाचा कोणताही अपाय झाल्यास १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर तो कोणाही नागरिकास कळविता येतो.

दाहशामक गोळ्यांनी वांझपण येते, अशी एक समजूत घराघरांत आहे. पाळीच्या दोन-तीन दिवसांत योग्य मात्रेत घेतलेल्या गोळीने असे होते, असा पुरावा नाही. या निराधार भीतीपायी मुलींस वेदना सोसावयास लावणे न्याय्य म्हणता येणार नाही.

७. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या

वेदनाशामकांहून सर्वस्वी भिन्न अशी आणखी एक गोळी याच काउंटरवर मागितली जाते. घरी महालक्ष्म्या बसावयाच्या असतात, लग्न असते, वारीला निघावयाचे असते; मग पाळी ‘पुढे ढकलण्या’ची गोळी हवी असते. हे द्रव्य बहुधा नॉरेथिस्टेरॉन असते. हे संप्रेरक आहे. वैद्य ते सामान्यतः पाळीच्या तीन दिवस अगोदरपासून ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा असे देतात. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव सुरू होतो. ज्यांना रक्ताच्या गुठळ्या झाल्याचा इतिहास आहे, यकृताचा विकार आहे, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत आहे, त्यांना ते अपायकारक ठरू शकते. या प्रकारे घेतले असता ते गर्भनिरोधकही नव्हे. ‘पाळीची गोळी’ या एकाच शब्दप्रयोगाने वेदनाशामक आणि हे संप्रेरक या दोहोंचा निर्देश होतो, हे फार धोक्याचे आहे. मागताना ‘दुखण्याची’ की ‘पुढे ढकलण्याची’ हे स्पष्ट झालेच पाहिजे, आणि दुसरी वैद्याच्या चिठ्ठीवाचून घेऊच नये.

पाळी ही अडचण मानली गेली म्हणजे तिची परिणती कोठवर होते, याचे उदाहरण शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे उघड झाल्यावर २०१९ साली राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ब्याऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. मजुरीचा खाडा, उचलीचे ओझे, फडावर पाण्याची व आडोशाची वाण ही त्यामागची कारणे होती. तेथे प्रश्न गोळीचा राहिलेला नव्हता. परंतु वेळीच योग्य उपचार आणि दोन दिवसांची विश्रांती मिळती, तर कित्येकींवर शस्त्रक्रियेची पाळी आली नसती, असे म्हणावयास हरकत नाही.

८. वेष्टन आणि कायदा

‘चिठ्ठीवाचून मिळणारी औषधे’ असा स्वतंत्र वर्ग १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाने व्याख्या करून सांगितलेला नाही. १९४५ च्या नियमांतील अनुसूची एच, एच-१ आणि एक्स यांत जी औषधे आहेत ती वैद्याच्या चिठ्ठीनेच विकावयाची; उरलेली एरवी मिळतात. मेफेनॅमिक आम्ल आणि डायसायक्लोमीन ही दोन्ही अनुसूची एच मध्ये आहेत. म्हणजे आपण जिला सहज मिळणारी गोळी समजतो, ती कायद्याच्या दृष्टीने तशी नाही. वेष्टनावर ‘आर-एक्स’ हे चिन्ह आणि इशाऱ्याची ओळ छापलेली असते. पण ती इंग्रजीत आणि अतिशय बारीक. शिवाय आपल्याकडे पट्टी कात्रीने कापून दोन-चार गोळ्या देण्याची रीत आहे. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव उरते तर मुदत उरत नाही, कधी दोन्ही उरत नाहीत. यास्तव पूर्ण पट्टी घ्यावी, अथवा पट्टीवरील नाव, मात्रा व मुदत समोरच वहीत लिहून घ्यावी. बाटलीत वा पुरचुंडीत एकत्र केलेल्या निनावी गोळ्या कोणासही देऊ नयेत.

९. ‘अंगावर जाणे’ आणि ‘अंगावर काढणे’

मराठीत ‘अंगावर जाणे’ म्हणजे अतिरिक्त स्राव होणे आणि ‘दुखणे अंगावर काढणे’ म्हणजे उपचार न करता सोसणे. आपल्या स्त्रिया पहिल्याला दुसऱ्याने उत्तर देतात. तासा-दोन तासांनी घडी बदलावी लागणे, सात-आठ दिवसांहून अधिक काळ स्राव चालणे, मोठ्या गाठी पडणे, ताप वा दुर्गंधी असणे, पाळी नसतानाही ओटीपोटात दुखणे, वर्षानुवर्षे वेदना वाढत जाणे, चक्कर येणे, किंवा नीट घेतलेल्या गोळीनेही दोन-तीन पाळ्यांत उतार न पडणे : यांपैकी काहीही आढळल्यास गोळी हा उपाय नव्हे, वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. पाळी चुकून एका बाजूस तीव्र वेदना होणे ही तर तातडीची अवस्था होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा शरीरास अतिरिक्त स्राव अंगावर काढणे परवडणारे नाही.

उलट, सौम्य वेदनेस गोळी लागतेच असेही नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ओटीपोटास सतत दिलेला सौम्य शेक आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला. रबरी पिशवीत वा कापडात गुंडाळलेल्या बाटलीत कोमट पाणी भरून शेकणे, बेताची हालचाल व पुरेशी झोप हे उपाय निर्धोक आहेत.

१०. समारोप

सारांश, सुरक्षिततेचा आरंभ योग्य शब्दाने होतो : दुखण्याचे खरे नाव, औषधाचे घटकनाव आणि मात्रेचे पूर्ण वाक्य. शब्दांची चिकित्सा हा तर आपल्या विभागाचा नित्याचा व्यवसाय आहे. तेव्हा आपल्या विद्यार्थिनींच्या वसतिगृहात औषधांच्या कुळांचा एक लहानसा मराठी तक्ता लावणे, आणि विद्यार्थ्यांनीही ‘पाळी’ हा शब्द संकोचावाचून उच्चारावा असे वातावरण वर्गात निर्माण करणे, हे आपल्या शक्तीबाहेरचे नाही. त्या विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ आता पदवीच्या वर्गात शिकत आहे. मध्यंतरी तिने सांगितले, की घरून निघताना तो हल्ली चिठ्ठी मागत नाही, दुकानात स्वतःच सर्व नीट सांगतो आणि “चोवीस तासांत जास्तीत जास्त किती?” हेही विचारून येतो.